परतीची नळी

चैत्रातल्या पुनवेच्या उधाणाला शिरखारच्या समुद्राकडच्या बांधाला खांड पडली, ती सव्वा महिना झाला तरी बुजत नव्हती. बारा हातांची खांड. दोनदा गावानं माती घातली आणि दोनदा पाण्यानं ती धुऊन नेली. आता वैशाखी अमावास्या पाच दिवसांवर आली होती. त्या उधाणाला खांड उघडी सापडली तर खारं पाणी शेतांतून थेट घरांच्या मागच्या दारापर्यंत येणार आणि पुढची तीन वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उभी राहणार नाही, हे शिरखारमध्ये कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

दगडमुरूम न्यायला दोन डंपर सांगितले होते. त्यातला एक पहिल्याच दिवशी खाजणातल्या, म्हणजे भरतीखाली जाणाऱ्या खाऱ्या दलदलीतल्या, चिखलात पोटापर्यंत बसला. त्याला बाहेर ओढून काढलं ते गणराजच्या मिल्ट्रीनं, आणि ते बघून दुसरा डंपरवाला आल्या वाटेनं परत गेला.

मिल्ट्री म्हणजे लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक. चारही चाकं ओढणारी, माणसाच्या छातीला लागतील एवढे टायर. गणराज नऊ वर्षं उरणच्या बंदरावर दुसऱ्याचा ट्रेलर चालवून कंटाळला होता. त्यानं हा ट्रक घेतला, हिरवा रंग खरवडला, स्वतःच्या हातानं निळा मारला. तरी गाव त्याला मिल्ट्रीच म्हणे. चिखल असो, रेती असो, मिल्ट्री थांबत नसे. पण गेल्या महिन्यापासून तिला एक रोग जडला होता. स्टिअरिंगचं तेल गळत होतं.

दशमीला दुपारी, सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या वेळी, गणराज भरलेला ट्रक उलटा घेत बांधावर चालला होता. बांधाचा माथा ट्रकपेक्षा जेमतेम दीड हात रुंद. मागून त्याची आई, मनुबाई, हात हलवून चाक दाखवत होती. खांड वीस पावलांवर आली आणि गणराजच्या हातातलं चाक एकदम दगड झालं. त्यानं दोन्ही पाय रोवून ओढलं. खालून स्टिअरिंगचा तेलपंप कण्हत होता. चाक चार बोटं फिरलं, आणि मागचा टायर बांधाच्या कडेवरून ढेकळं पाडत थांबला.

"थांब! थांब रं!" मनुबाई ओरडली.

गणराज उतरला. पुढच्या चाकाआडून लाल तेलाची धार चिखलात पडत होती. चिखल ढेकळी-ढेकळीनं लाल झाला होता. खांडीवर पन्नासेक माणसं टोपल्या घेऊन उभी होती. त्यातलं कुणीतरी म्हणालं, "मिल्ट्रीला पुन्हा लघवी झाली," आणि हसू पसरलं. गणराजनं मान वर केली नाही. डब्यातलं उरलंसुरलं तेल टाकीत ओतलं, बायकोला हाक मारली. पूनम टोपली टाकून आली, कॅबिनमध्ये चढली. दोघांनी मिळून चाक ओढलं. त्याचे हात वर, तिचे हात खाली. असा एक एक वीत ट्रक मागं नेला आणि खेप ओतली. उतरल्यावर पूनमनं तळवे बघितले. दोन्हींवर फोड आले होते.

बांधाच्या कामावर कोंडाजी देखरेख करी. सत्तरीचा माणूस, गावकीतला वडीलधारा, आवाज चढा. तो गणराजजवळ आला.

"आज किती खेपा?"

"सात."

"उद्या वीस लागतील. व्हतील का सांग. न्हाय तर मी लोकांना घरी पाठवतो, उगा उन्हात का मारू?"

गणराज रिकामा डबा उपडा करून बघत होता. मनुबाई तोंडावरचा चिखल पदरानं पुसत म्हणाली, "व्हतील."

"तुला इचारलं न्हाय गं मनुबाय. गाडीचं इचारतोय."

तिला असं गप्प बसवणं गावाच्या अंगवळणी पडलं होतं. तिचा नवरा बाबाजी बांधाचा राखण्या होता. अमावास्या-पुनवेला तो सगळा बांध चालत जायचा, आणि पंचवीस वर्षं मनुबाई त्याच्या मागून चालत होती. सहा वर्षांपूर्वी तो गेला. नवा राखण्या कुणी नेमला नाही, पण बांध चालायचं मनुबाईनं थांबवलं नाही. चैत्रात खांड पडली तेव्हा ती म्हणाली होती, "आधी उघाडी मोकळी करा, मग माती घाला." उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी झापेचं दार. आतलं पाणी त्यातून समुद्रात उतरतं, समुद्राचं पाणी आत येऊ लागलं की झाप आपोआप मिटते. ती उघाडी गाळानं तुंबली होती. कोंडाजीनं ऐकलं नाही. दोनदा माती वाहून गेल्यावर, काही न बोलता, त्यानं आठ माणसं गाळ काढायला पाठवली.

संध्याकाळी गणराज तालुक्याच्या नाक्यावरच्या रितेश मेकॅनिकला घेऊन आला. रितेश चांगला कारागीर होता. ट्रकखाली सरकला, बॅटरी मारली आणि तिथूनच बोलला, "दादा, तेच परत. स्टिअरिंग बॉक्सचा सील."

"वीस दिवसांत तिसरा?"

"म्हणून तर सांगतो, बॉक्सच गेलाय. दुसरा बॉक्स टाकावा लागेल. मुंबईला भंगारात बघतो. टेन्शन नको घेऊ, आठ दिवसांत गाडी ओके."

"आठ दिवसांत काय हाय मला?" गणराज म्हणाला. "चार दिवस हायत."

रितेशनं हात पुसले. खिशातून एक नवा सील, तेल अडवणारी रबरी कडी, काढून त्याच्या हातावर ठेवला. "हा घे, जवळ ठेव. पण सांगतो, दोन दिवस टिकेल."

एकादशीला त्यांनी तसंच काम रेटलं. गणराजनं पाच लिटरचे दोन डबे तेल आणलं, दर खेपेला ओतत राहिला. पूनम शेजारी बसून चाक ओढायची. ऊन असं की कॅबिनच्या पत्र्याला हात लावला तर भाजे. दुपारपर्यंत गणराजचा उजवा खांदा वर उचलेना. पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना त्याला डाव्या हाताचा आधार द्यावा लागला. नऊ खेपा झाल्या. दहाव्या खेपेला ट्रक बांधाच्या तोंडाशीच अडकला, आणि दोन्ही डबे रिकामे झाले होते.

कोंडाजीनं यावेळी विचारलंच नाही. लोकांनी टोपल्या डोक्यावर पालथ्या घातल्या आणि घराची वाट धरली. मनुबाई मात्र उभी होती. समोर खांडीतून भरतीचं पहिलं पाणी आत यायला लागलं होतं. ती मुलाकडे वळली.

"ही घरी घे. हळूहळू घे. मला बघू दे काय हाय त्ये."

"तू काय बघणार आये?"

"तू दाखव, मी बघेन."

द्वादशीच्या पहाटे, फटफटल्यावर, अंगणात काम सुरू झालं. गणराजनं डिझेल आणि साबण लावून ट्रकचा पुढचा भाग धुतला. महिनाभराचं तेल सगळीकडे उडून माखलं होतं, पंख्याच्या वाऱ्यानं नळ्या, पत्रा, स्प्रिंग सगळं एकजात ओलं. त्यात गळती कुठली आणि उडालेलं कुठलं, कळायचं कसं? तो जुन्या धोतराच्या चिंध्यांनी पुसत राहिला. पूनम आतून सूप घेऊन आली. सुपात तांदळाचं पीठ होतं.

"ह्ये कशाला?"

"मोदकाचं पीठ ओलं झालं की लगेच दिसतं ना? भुरभुरवा सगळीकडे. जिथं आधी भिजंल तिथनं गळतंय."

गणराजनं सूप तिच्या हातातून घेतलं. मग त्यानं बॉक्स, पंप, टाकी आणि सगळे जोड पिठानं पांढरे केले. टाकीत शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचं थोडं तेल घातलं. पूनम कॅबिनमध्ये चढली, इंजिन चालू केलं, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवू लागली. गणराज खाली पालथा. त्याच्या शेजारी गोणपाट अंथरून मनुबाईही सरकली. साडी गुडघ्यांपर्यंत खोचलेली, गाल जमिनीला टेकलेला.

पंपाचं पीठ कोरडं. टाकीचं कोरडं. जोड कोरडे. बॉक्सच्या खाली, दांडा बाहेर येतो तिथं, एक गुलाबी ठिपका उठला, वाढला आणि थेंब होऊन तिच्या कपाळाजवळ पडला.

"बंद कर!" गणराज ओरडला. मग निजूनच राहिला. "सीलच हाय. रितेश बोलला तेच. पीठ वाया गेलं."

मनुबाई हलली नाही. "मला सांग, ह्ये तेल बॉक्समधी येतं कुठनं?"

"पंपातनं. ह्या जाड नळीनं. पंप जोरानं ढकलतो, म्हणून तर चाक हलकं जातं."

"आणि मग जातं कुठं?"

"परत टाकीत."

"कुठल्या वाटेनं?"

गणराजनं हात लांबवून दाखवलं. बॉक्सच्या मागून एक काळी रबरी नळी निघाली होती. चेसिसला चिकटून वर टाकीकडे गेली होती. लष्करातलीच, मूळची. बाहेरून धड दिसत होती, म्हणून तिला कुणी हात लावला नव्हता. ना रितेशनं, ना त्यानं.

"ही वाट मोकळी हाय का?"

"असंल की. ह्या नळीत जोर नसतो आये, नुस्तं परत येणारं तेल. ती कशाला बिघडेल?"

"उघाडीतनंबी परत जाणारंच पाणी जातं," मनुबाई म्हणाली. ती थेंबाकडे बघत बोलत होती, स्वतःशीच बोलल्यासारखी. "आपण दोनदा खांडीवर माती घातली. माती खोटी नव्हती. माणसांनी कामबी चोख केलं. पण आत आलेल्या पाण्याला जायला वाट नव्हती, म्हणून त्यानं जिथं कच्चं सापडलं तिथं फोडलं. तू तीन सील घातलेस. तीनही खोटे कसे निघतील?"

गणराज उठून बसला. डोकं चेसिसला आपटलं, तेही त्याला कळलं नाही. त्यानं पाने घेतले आणि ती काळी नळी दोन्हीकडून सोडवली. दोन हात लांबीची. आतलं तेल झटकलं, चिंधीनं तोंड पुसलं आणि टाकीकडच्या टोकानं फुंकलं. फूं करून वारा पलीकडे गेला.

"मोकळी हाय," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

"तेल त्या बाजूनं येतं का?"

तो थबकला. तेल बॉक्सकडून टाकीकडे जात होतं, आणि त्यानं फुंकलं होतं उलटं. नळी फिरवून त्यानं बॉक्सकडचं टोक तोंडात धरलं, गाल फुगवले, फुंकलं. डोळ्यांत पाणी आलं. वारा जाईना. पुन्हा जोर लावला. कुठंतरी आत पुट्ट झालं आणि जेमतेम शिट्टीएवढा वारा सुटला.

कोयत्यानं त्यानं नळी उभी चिरली. आतला रबराचा थर सुटून पापुद्र्यासारखा वर आला होता. टाकीकडून फुंकलं की तो भिंतीला चिकटायचा आणि वाट मोकळी राहायची. बॉक्सकडून तेल आलं की उचलला जायचा, वाट मिटायची. पंप ढकलतोय, परतीला वाट नाही, आणि सगळा जोर सापडेल त्या सीलवर.

तिघंही त्या पापुद्र्यावर वाकली. मनुबाईनं तो बोटानं उचलला, सोडला. पुन्हा उचलला.

"झाप हाय ही," ती म्हणाली. "उलटी बसलेली."

गणराजनं चिरलेली नळी हातात फिरवली. नऊ वर्षं ट्रेलर आणि दोन वर्षं हा ट्रक. इतक्या वर्षांत, तेल जातं कसं आणि परत येतं कसं, हे त्यानं एकदाही बोट फिरवून बघितलं नव्हतं. गळेल तिथं बुजवत आला होता. ज्या बाईला त्यानं "तू काय बघणार" म्हटलं होतं, ती साठीला टेकलेली आई तेलात लडबडलेल्या गोणपाटावर बसून पिठाचे हात झटकत होती.

आता तशी नळी हवी होती. तालुक्याला जाऊन यायला दुपार गेली असती. पूनमला आठवलं की मच्छीमारी बोटींवर जाळं ओढायचं यंत्रही तेलावरच चालतं. गणराज मोटारसायकलवरून बंदरावर गेला, शिवदास तांडेलाला गाठलं. शिवदासनं सगळं ऐकून घेतलं, मग बोटीच्या फळीखालून नव्या तेलनळीचं भेंडोळं काढलं आणि त्यातला दोन हात लांबीचा तुकडा कापून दिला. वर म्हणाला, "तुमचा बांध गेला तर खाडीचं तोंड गाळानं भरंल. आमच्या बोटी मग कुठनं जातील? जा लवकर."

दुपारी बारापर्यंत नळी बसली. रितेशचा तो एकटा उरलेला सील गणराजनं जीव मुठीत धरून बसवला. दांडा चिंधीनं पुसला, कड बोटानं चाचपली, सील तेलात बुडवला, लाकडाच्या तुकड्यानं चारी बाजूंनी हलकं हलकं ठोकत आत घातला. टाकी धुऊन आतली जाळी साफ केली. शेजारच्या गावातल्या ट्रॅक्टरवाल्याकडून पुरेसं तेल मिळालं. पुढची चाकं जॅकवर उचलली. इंजिन न लावता पूनमनं चाक दोन्हीकडे फिरवलं, पुन्हा पुन्हा, आणि टाकीत फेसाचे बुडबुडे येत राहिले. मनुबाई टाकीपाशी उभी राहून बुडबुडे बघत होती. "अजून येतायत... अजून... आता थांबले."

गणराजनं जॅक उतरवला, इंजिन चालू केलं आणि खाली जाऊन निजला.

"फिरव."

वरून काही आवाज आला नाही. पंप कण्हला नाही. मोठे टायर अंगणातली माती दाबत डावीकडे वळले, मग उजवीकडे.

"पूनम, जोर लाव ना!"

"लावतच न्हाय मी," पूनम वरून म्हणाली. "एका बोटानं फिरवतेय."

सीलखालचं पीठ पांढरं होतं. पंधरा मिनिटांनीही पांढरंच होतं.

त्या दुपारी मिल्ट्री बांधावर आली तेव्हा खांडीवर आठदहाच माणसं होती. कोंडाजी एका दगडावर बसला होता. ट्रक उलटा येताना त्यानं बघितला. चाकं वितीवितीला वळत, बांधाच्या कडेपासून अर्धा हात आत राहून, थेट खांडीच्या तोंडाशी. खेप ओतली आणि ट्रक निघाला. कोंडाजीनं उठून एका माणसाला गावात पिटाळलं, आणि दीड तासात बांध माणसांनी भरला.

मग अडीच दिवस कुणाला कशाचं भान राहिलं नाही. सुकती लागली की ट्रक चाले, भरती आली की माणसं मागं सरत. द्वादशीला चौदा खेपा, त्रयोदशीला बावीस. दगड, त्यावर मुरूम, त्यावर पेंढा घालून तुडवलेला खाजणातला चिखल. मनुबाई कमरेएवढ्या चिखलात उभी राहून थर घालून घेत होती. कुठं पेंढा जास्त पडला की हातानं उपसून काढी, कुठं चिखल कोरडा आला की टोपली परत पाठवी. तिच्या हाताची कातडी मिठानं फाटली होती. पूनमनं खोबरेल आणलं तर म्हणाली, "आत्ता नको, हात निसटतील." चतुर्दशीच्या संध्याकाळी शेवटची फट मिटवायची वेळ आली. पाणी त्या फटीतून फेसाळत बाहेर ओढ घेत होतं. दोन माणसं बोलायला लागली की आता गडबड करा, आत्ताच दगड टाका. मनुबाईनं हात वर केला. ती उघाडीकडे बघत होती. आतलं पाणी उघाडीतून भरभरून जात होतं, आणि त्यानं फटीतली ओढ हळूहळू मंदावली.

"आता," ती म्हणाली.

गणराजनं ट्रकचं मागचं दार सोडलं.

अमावास्येला उधाण ऐन दुपारचं होतं. सगळा गाव बांधावर येऊन बसला, म्हातारी माणसंसुद्धा. पाणी चढत चढत खाजण गिळत आलं, तिवरांची झाडं बुडाली, त्यांचे शेंडे तेवढे राहिले. बांधाला लाटा लागल्या. नव्या भरावाच्या माथ्यापासून पाणी एक वीत खाली येऊन ठेपलं, आणि आतल्या बाजूनं भरावाच्या पायथ्याशी बोटाएवढी ओल दिसली. ओलीतून पाणी पाझरायला लागलं. बायका उठून उभ्या राहिल्या.

कोंडाजी भराव उतरून खाली आला. ओलीकडे बघितलं. मग वळून, सगळ्यांच्या देखत, त्याच चढ्या आवाजात पण वेगळ्या सुरात म्हणाला, "मनुबाय, बघ गं जरा. काय करू सांग."

मनुबाई खाली उतरली. पाझरणारं पाणी ओंजळीत घेतलं, उन्हात धरलं. "नितळ हाय," ती म्हणाली. "गढूळ असतं तर माती येत असती. ह्ये नुस्तं पाझरतंय. वर दोन टोपल्या चिखल दाबा, आणि कुणी नाचू नका."

कोंडाजीनं स्वतः टोपली भरली. सत्तरीचा माणूस, गुडघे वाकवून तिच्या पायाशी चिखल ओतला, आणि ती म्हणेल तसा पायानं दाबत राहिला.

पाऊण तासानं तिवरांच्या शेंड्यांखालची पानं दिसायला लागली. पाणी उतरत होतं. लोक एकमेकांकडे बघत नुसते उभे होते, खारा वारा तोंडावर घेत.

गणराजनं आईला शोधलं. ती ट्रकच्या कॅबिनमध्ये चढून बसली होती, सावली म्हणून. डोकं मागं टेकलं होतं, तोंड किंचित उघडं. कोपरापर्यंत वाळलेला चिखल, नखांत अजून लाल तेल. पाच दिवसांत ती पहिल्यांदा गाढ झोपली होती.

पूनम खालून हळूच म्हणाली, "घरी न्यायची का गाडी? दगडाच्या पाट्या, फावडी, सगळं चढवायचंय. लोक थांबलेत बसायला."

गणराजनं कॅबिनमध्ये वाकून किल्लीला लावलेला हात मागं घेतला. कोंडाजीनं ते बघितलं. तो वाकला, आपलं फावडं खांद्यावर टाकलं आणि चालायला लागला. त्याच्या मागून एकेक करून सगळे निघाले. टोपल्या डोक्यावर, घमेली हातात, बांधावरून दीड कोसाची वाट, भर उन्हात. ट्रकजवळून जाताना प्रत्येकाचं बोलणं थांबत होतं.